लाल कागदावरचा शेवट

१

‘क्षितिजयान’च्या बाराव्या पर्वाचा शेवट फुटल्याची बातमी आली, तेव्हा गोदूबाई मयेकर परसदारी बसून तांबोशी साफ करत होत्या. शेजारची संस्कृती मोबाइल हातात धरून दगडी गडग्यापाशी आली आणि “काकू, कळलं का? मृगा शेवटी...” एवढंच बोलली. गोदूबाईंनी मासळीचे हात तसेच दोन्ही कानांवर दाबले आणि ती निघून जाईपर्यंत काढले नाहीत. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या कानामागे खवले चिकटलेले होते, पण शेवट काही कानात शिरला नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कप्तान मृगा चोवीस वर्षं अकरा माणसांना यानात घालून आकाशात घर शोधत होती. अकरा पर्वं झाली, मृगाची नटी दोनदा बदलली, यानाचा रंग तीनदा बदलला, घर मात्र सापडलं नाही. बारावं पर्व शेवटचं. घर सापडणार की नाही, हे लेखक आप्पा साळवींनी लाल कागदावर छापून घेतलं होतं, कारण लाल कागदाची झेरॉक्स काळीकुट्ट येते. त्या कागदांची एकच प्रत होती आणि ती पत्र्याच्या पेटीत कुलपात असायची.

गोदूबाई रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजात तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, त्या ‘क्षितिजयान’ला लागलेल्या होत्याच. मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणहून बहिणीची मुलगी रुचिरा यायची, तेव्हा ती सहा वर्षांची होती. दोघी एका चादरीत बसून मालिका बघायच्या आणि यान धुक्यात शिरलं की दोघी एकमेकींचा हात धरायच्या. ती रुचिरा आता तीस वर्षांची झाली होती आणि त्याच मालिकेची संहिता सांभाळत होती. पेटीची किल्ली तिच्या गळ्यात असायची.

शेवटचं पर्व पावस गावाच्या वाटेवरल्या तळेवाडीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चित्रित होत होतं, म्हणून तीन आठवडे रुचिरा मावशीकडे राहत होती. घरात नियम एकच होता, शूटिंगबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तरी भात कालवताना गोदूबाई तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायला जायच्या आणि मग स्वतःवरच रागवायच्या.

सकाळी साडेआठच्या सुमारास रुचिरा सड्यावरून परत आली ती पायरीवरच बसली. मेसेज काल संध्याकाळपासून फिरतोय, तिने सांगितलं, आणि त्यात सगळं आहे. पूर्ण गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. आप्पा, दिग्दर्शक ऋत्विक देवस्थळी आणि ती. बाकीच्या सगळ्यांना आपापल्या वाक्यांपुरतीच पानं मिळायची.

“आप्पांवर कोण संशय घेणार, मावशी? उद्या संध्याकाळपर्यंत वाहिनीला नाव कळवायचंय. दुसरं कुणी सापडलं नाही तर ते माझं जाईल. मग विश्वासाचं काम मला या धंद्यात कुणी देणार नाही.”

गोदूबाईंनी हात धुतले. रुचिराचा आवाज त्यांना ती सहा वर्षांची असल्यापासून पाठ होता. तो खरं बोलत होता, पण वाहिनीला आवाज पाठवता येत नाही, नाव पाठवावं लागतं.

२

दोघी रिक्षाने सड्याकडे तपासाला निघाल्या. रिक्षावाल्याने भाट्याच्या पुलावर आरशातून मागे बघत विचारलंच, “काय ओ, मृगा खरंच...” गोदूबाईंनी पुन्हा कान झाकले. अख्खी रत्नागिरी बोलायला उतावीळ झाली होती. तीन आठवडे रिक्षावाले, कोळणी, पोस्टातली माणसं, जो तो रुचिराला गाठून शेवट विचारत होता. आता ज्याला त्याला तो सांगायचा होता.

तळेवाडीच्या वर सडा लागला आणि सगळं शांत झालं. पौषातलं गवत वाळून सोनेरी झालेलं, मधूनमधून काळा कातळ उघडा, आणि समुद्रावरून चढलेलं धुकं अजून सगळं उतरलं नव्हतं. त्या धुक्यात यान उभं होतं. प्लायवूडचं, अर्धंच बांधलेलं, पण गोदूबाईंनी रुचिराचा हात धरला. यानाच्या सावलीत दोन गाई रवंथ करत बसल्या होत्या. वाडीतली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन यानाला वळसा घालून गेली, आणि तिने मान वर करूनही बघितलं नाही. गोदूबाईंना वाटलं, हे आपण दुपारच्या झोपेत बघतोय की काय.

ऋत्विक देवस्थळी चाळिशीचा, सभ्य आणि रात्रभर न झोपलेला माणूस होता. त्याने गोदूबाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग जे मनात होतं ते बोलला. मेसेज फिरला तेव्हापासून आप्पा कुणाशी बोललेले नाहीत. त्याने स्वतः तर शेवट बायकोलाही सांगितलेला नाही. पेटीचं कुलूप धड आहे, कागद जागच्या जागी आहेत, फक्त एका पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे.

“पेटी रोज रात्री तुमच्या घरी असते, मावशी,” तो म्हणाला. “आणि तुमच्याइतकी या मालिकेची वेडी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. मी रुचिराला ओळखतो. ती बोलणार नाही. पण ती झोपलेली असताना किल्ली कुणी काढून घेतली असेल तर?”

रुचिरा काहीतरी बोलायला उठली. गोदूबाईंनी तिला हातानेच बसवलं. त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण माणूस विचार करणारा होता.

“डाग माझ्याच माशाच्या कालवणाचा असेल,” त्या म्हणाल्या. “पेटी जेवायच्या खोलीत असते आणि रुचिरा जेवून पुन्हा कामाला बसते. पण बाबा रे, अख्ख्या रत्नागिरीत हा शेवट माहीत नसलेलं एकच माणूस उरलंय, आणि ते तुझ्यासमोर बसलंय.”

 ऋत्विकने विचारलं, की हे सिद्ध कसं करणार?  तपास करायला निघालेल्या बाईचंच नाव संशयितांत लागलं होतं.

३

सागर ड्रोन उडवायचा. संशय घ्यायला तो सगळ्यात सोयीचा, कारण ‘क्षितिजयान’च्या चाहत्यांचा मोठा ग्रुप तोच चालवायचा, आणि आकाशातून सगळा सडा त्याला दिसायचा. गोदूबाईंनी त्याला विचारलं, तर तो थेट कबूल झाला की काही अंदाज त्याने बांधले होते. कातळावर प्लास्टरचं मोठं चित्र घालून ठेवलंय, ते वरून यानासारखं दिसतं, एवढं त्याला कळलं होतं. पण मेसेज त्याच्या ग्रुपवर बाहेरूनच आला आणि तो वाचून तो स्वतः अर्धा तास सुन्न बसला होता.

“ग्रुपवरच्या कुणाचंच काम नाही हे,” तो म्हणाला. “लिहिलंय कसं ते बघा. आमच्यातलं कुणी असं लिहिणार नाही.”

गोदूबाईंनी कसं लिहिलंय ते विचारलं नाही. त्यांनी वाडीबद्दल विचारलं. सागर हसला. वाडीची माणसं फार चांगली, तो म्हणाला. शूटिंग सुरू व्हायच्या अकरा दिवस आधी नारळ द्यायला कंपनीतर्फे तोच आला होता. भिवा म्हणून म्हातारे आहेत, त्यांनी तळ्याकाठच्या दगडापुढे काही पूजा केली. सागर तेव्हा लांब कड्यावर ड्रोन उडवून बघत होता, त्याच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही.

“आणि एक सांगू? अख्ख्या जिल्ह्यात मला शेवट न विचारणारी माणसं फक्त या वाडीत आहेत. यान बघायलासुद्धा कुणी येत नाही. मालिका बघतात सगळी, पण विचारत नाहीत.”

गोदूबाईंना गवताच्या भाऱ्याखालची ती बाई आठवली.

आप्पा साळवी वडाखाली आरामखुर्चीत बसले होते. सत्तरी उलटलेला, बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी लिहिलेली वाक्यं गोदूबाईंना तोंडपाठ होती, आणि त्यांच्यापुढे बसताना त्या पदर सारखा करत राहिल्या. पण विचारायचं ते विचारलं. आप्पांनी शेवट कुणाला सांगितला होता का?

आप्पा समुद्राकडे बघत राहिले. एक होडी धुक्यातून बाहेर येऊन पुन्हा धुक्यात गेली. मग ते म्हणाले, “चोवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट माणूस कुणाला सांगेल, गोदूबाई?”

आवाज सरळ होता, दमलेला होता. गोदूबाईंनी नमस्कार केला आणि उठल्या. पण तेहतीस वर्षांत त्या एवढं शिकल्या होत्या, की ज्याला हो किंवा नाही म्हणता येतं तो प्रश्नाला प्रश्न लावत नाही.

भिवा तळ्यापाशी म्हशीला पाणी दाखवत होता. हडकुळा, ताठ, कमरेला पंचा. त्याने हातातला दोर खाली ठेवून नमस्कार केला. आप्पा याच पट्टीतले, इथून दोन कोसांवर त्यांचं गाव, आणि लहानपणापासून भिवाची ओळख, हे गोदूबाईंना रुचिराने सांगितलं होतं.

“भिवाभाऊ, आप्पांनी तुम्हाला मालिकेतलं काही सांगितलं होतं?”

“व्हय, सांगितलानी,” भिवा म्हणाला. “काल सांच्याला येऊन इचारलानी पन, भिवा, कुनाकडं बोल्लास काय? म्या बोल्लो, नाय. माझ्या पोराला नाय, बायकोला नाय. आये शपत, एका मानसाकडं नाय बोल्लो.”

गोदूबाईंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. एक्स्चेंजात त्या अशाच ऐकायच्या. आवाज घागरीतल्या पाण्यासारखा नितळ होता.

आता त्यांची खरी पंचाईत झाली. रुचिरा खरं बोलत होती, ऋत्विक खरं बोलत होता, सागर खरं बोलत होता, भिवा तर शपथेवर खरं बोलत होता. आप्पांनी लपवलं ते काय हेही कळलं होतं. चोर कुणीच नव्हता आणि चोरी झालेली होती. आता पुढे जायला एकच वाट राहिली होती, आणि ती टाळण्यासाठी त्या सकाळपासून कान झाकत होत्या.

४

मेसेज त्यांनी घरी येऊन, माजघरात बसून वाचला. आधी चष्मा पुसला. मग रुचिराला म्हणाल्या, “तू माझ्याशेजारी बस.”

“नको वाचूस, मावशी. मी सांगते तुला काय विचित्र आहे त्यात.”

“दुसऱ्याच्या कानाने ऐकून आजवर कुठलं कनेक्शन लागलंय का?” गोदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाचायला घेतलं.

मेसेज एवढाच होता: ‘पर्व बारा, पक्की खबर, जसं ऐकलं तसं. तळ्यात आकाशातून विमान उतरेल, बारा माणसं येतील. वडाखाली एक आजारी माणूस मरेल, ते मरण खोटं. मोठ्या कातळावर बाई त्या विमानाचं चित्र कोरेल, ते प्लास्टरचं, खऱ्या कातळाला टाकी लागणार नाही. कड्यावरून विमान परत वर जाईल. बाई एकटी मागे राहील. ही जागा आपलीच, पण फार फार पूर्वीची, माणूस वसायच्या आधीची. जेवढी माणसं आली तेवढी सुखरूप घरी जातील.’

गोदूबाईंनी मोबाइल पालथा ठेवला. म्हणजे घर सापडणार होतं, ते आपलंच होतं, आणि मृगा तिथे एकटी राहणार होती. फार सुंदर होतं. ते टीव्हीसमोर, चादरीत, एकमेकींचा हात धरून कळायला हवं होतं, आणि ते माजघरात चष्मा पुसून कळलं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या चक्क रडल्या. रुचिराही रडली. तीन आठवडे तिने ते गिळून ठेवलं होतं.

मग गोदूबाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, “संहितेत तळं आधी आहे?”

“नाही. वडाचा प्रसंग पहिल्या भागात. तळं तिसऱ्यात, कडा नवव्यात, आणि कातळ अगदी शेवटी. यात सगळा क्रम उलटसुलट आहे. म्हणून ऋत्विक सर म्हणतात, कुणीतरी घाईत पानं चाळली असणार.”

“प्लास्टरचं?”

“ते संहितेत कसं असेल? गोष्टीत ती खराच कातळ कोरते. प्लास्टर हे आमचं काम.”

“आणि सगळी माणसं सुखरूप घरी जातील, हे?”

“तेच कळत नाही. मृगा मागे राहते, मग सगळी कशी जातील? शिवाय मृगाला ‘बाई’ आणि यानाला ‘विमान’ कोण म्हणेल?”

गोदूबाई उठल्या, चटई अंथरली आणि आडव्या झाल्या. रुचिरा बघतच राहिली. चोवीस तास उरले होते आणि मावशी झोपत होती.

५

दुपारची झोप ही गोदूबाईंची जुनी सवय. कामाची पाळी संपवून आल्या की त्या अशाच पडायच्या, आणि दिवसभर जोडलेले आवाज कानात फिरत राहायचे. आज मोहोराचा वास खिडकीतून येत होता, पंखा मंद फिरत होता, आणि एक्स्चेंजातला लांबलचक बोर्ड त्यांच्यापुढे उभा राहिला. भोकाभोकांतून दिवे लुकलुकत होते. प्रत्येक दिव्यामागे कुणीतरी कुणालातरी बोलावत होतं. त्यांना वाटलं, यातला एखादा दिवा मृगाचा असेल, आकाशातून ट्रंक कॉल लावून बसलेली.

एक दिवा लागला. त्यांनी पिन खोचली. पलीकडे मुंबई होती, गिरणगावातली एखादी खोली, आणि अलीकडे कुठल्याशा गावचं देऊळ. शिमगा होता. गावातल्या पोस्टमास्तरने फोनची वायर लांबवून रिसीव्हर उघड्यावर धरला होता. गावाचा म्हातारा मानकरी, गावकार, मोठ्याने देवाला काहीतरी सांगत होता, आणि तो थांबला की गावचे लोक ओरडायचे. मग अर्ध्या क्षणाने, तारेतून, मुंबईतली खोलीभर माणसं तेच ओरडायची. सुट्टी न मिळालेल्या चाकरमान्यांनी तीन मिनिटं विकत घेतली होती ती एवढ्यासाठीच. तीन मिनिटं झाली तरी गोदूबाईंनी पिन काढली नव्हती. अशी चोरी त्या दर शिमग्याला करायच्या.

त्या ताडकन उठून बसल्या.

“रुचिरा, सड्यावर वाडीतून चढलं की आधी काय लागतं?”

“तळं.”

“मग?”

“वड. मग कातळ. शेवटी कडा.” रुचिराचा आवाज बोलता बोलता बदलला.

“ज्याला गोष्ट सांगायची त्याला भागांच्या क्रमाने सांगतात,” गोदूबाई केस बांधत म्हणाल्या. “हे सांगणं जमिनीच्या क्रमाने आहे. चल, रिक्षा बोलाव. आप्पांना आणि ऋत्विकलाही तळ्यापाशी यायला सांग. आणि भिवाभाऊंच्या घरच्या बाईंना म्हणावं, मोबाइल घेऊन या.”

६

तळ्याकाठी, शेंदूर लावलेल्या दगडापाशी सगळे जमले तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि गवताला विस्तवासारखा रंग आला होता. भिवाची बायको आवडाबाई पदरात मोबाइल गुंडाळून आली होती.

“भिवाभाऊ,” गोदूबाई म्हणाल्या, “तुम्ही माणसाकडे बोलला नाहीत. जागेवाल्याकडे बोललात.”

भिवाला त्यात काही उघडकीला आल्यासारखं वाटलं नाही. “तर काय?” तो म्हणाला. “राखणदार तो. त्याच्या जाग्यात आकाशातनं इमान उतरवनार, मानूस मारनार, कातळ खोदनार, आनि त्याला सांगायचा नाय? म्या आप्पांना बोल्लो, काय करनार त्ये खरा सांगा, तवा गाऱ्हानं घालतो. खोटा सांगून नारळ नाय ठेवनार.”

ऋत्विक पुण्यात वाढलेला, त्याला गाऱ्हाणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. गोदूबाईंनी त्याला समजावलं. कोकणात नवं काम काढायचं तर आधी जागेच्या राखणदाराला सगळं सांगायचं. कुठे काय करणार, कशाला धक्का लागणार, कशाला नाही. म्हणून तळं आधी, वड मग. मरण खोटं, कारण खरं समजून तो कोपेल. कातळाला टाकी लागणार नाही, कारण कातळ त्याचा. आणि शेवटी त्याच्याकडे मागणं, आलेली सगळी माणसं सुखरूप घरी जाऊ देत. ते मृगाबद्दल नव्हतंच. ते रुचिराबद्दल, सागरबद्दल, ऋत्विकबद्दल होतं.

“पण हे त्यांनी मनातल्या मनात...” ऋत्विक म्हणाला.

“मला तसंच वाटलं होतं,” आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून दगडाकडे बघत होते.

“गाऱ्हानं मनात नाय घालत,” भिवा म्हणाला. त्याला नवल वाटलं की साळव्यांच्या घरचा माणूस एवढं विसरला. “मोठ्यान् घालायचा. वाडीनं व्हय म्हनायला पायजे ना?”

तर वाडी हजर होती. पंचवीस माणसं, प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. शूटिंगच्या अकरा दिवस आधीपासून त्यांना शेवट ठाऊक होता, म्हणून तर त्यांनी सागरला कधी काही विचारलं नाही. आणि देवाला सांगितलेली गोष्ट चारचौघांत चघळायची नसते, म्हणून त्यांच्याकडून ती फुटलीही नाही.

“आता आवडाबाई सांगतील,” गोदूबाई म्हणाल्या.

आवडाबाईंनी पदरातून मोबाइल काढला. वाडीची चाळीस माणसं मुंबईला, गाऱ्हाण्याला हजर नाहीत, मग त्यांचं ‘व्हय’ कसं लागायचं? म्हणून दरवेळी त्या आवाज भरून मुंबईच्या मंडळाला पाठवतात, आणि तिकडची माणसं ऐकून ‘व्हय म्हाराजा’ लिहून पाठवतात. यावेळीही चाळीस जणांनी लिहिलं होतं. आवडाबाईंच्या मुलाची मुलगी तेजस्वी कॉलेजात शिकते. तिने काल फोन केला, की आजोबांचं बोलणं तिने परवा गंमत म्हणून मैत्रिणीला जसंच्या तसं लिहून पाठवलं, ती मैत्रीण म्हणे ही मालिका बघते, आणि आता ते सगळीकडे दिसतंय. नात फोनवर रडत होती. आवडाबाईंना त्यात रडण्यासारखं काय तेच कळलं नव्हतं.

 म्हैस तळ्यात उतरून डोळे मिटून बसली होती.

“आप्पा,” गोदूबाई हळूच म्हणाल्या, “काल संध्याकाळी तुम्ही भिवाभाऊंना विचारायला आलात, म्हणजे तुम्हाला शंका होती. ते नाही म्हणाले, ते तुम्हाला हवंच होतं. पण आज या मुलीचं नाव जात होतं.”

आप्पांनी मान खाली घातली. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता.

“चोवीस वर्षं मी लिहीत आलो की आकाशात दगड आणि वायू आहेत, दुसरं कुणी नाही. त्यावर माणसांनी मला हार घातले. आणि भिवाने विचारलं तेव्हा मला माझी आई आठवली. ती पेरणीआधी बांधावर उभी राहून अशीच सगळं सांगायची. मला या दगडाशी खोटं बोलवेना. ते लोकांना कळलं तर हसतील, एवढ्यासाठी मी गप्प बसलो, रुचिरा. फार वाईट केलं.” मग ते ऋत्विककडे वळले. “माझं नाव पाठव.”

रुचिराने गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली होती. ती पुढे झाली आणि आप्पांच्या पाया पडली. पण तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जायला वेळ लागणार होता.

७

वाहिनीला आप्पांचं नाव गेलं. त्या मालिकेत आप्पांना कोण काढणार? पण त्यांनी स्वतःच शिक्षा मागून घेतली. फुटलेला शेवट त्यांनी टाकून दिला आणि नऊ दिवस वडाखाली बसून नवा लिहिला. लाल कागद, एक प्रत, तीच पेटी, आणि किल्ली रुचिराच्याच गळ्यात.

शूटिंग पुन्हा सुरू व्हायच्या सकाळी भिवा यानासमोर आडवा उभा राहिला. देवाला एक सांगितलंय आणि तुम्ही भलतंच करणार, ते चालायचं नाही, तो म्हणाला. गाऱ्हाणं पुन्हा घालावं लागेल. ऋत्विकने कपाळाला हात लावला. मग त्याने रुचिराकडे बघितलं, आणि म्हणाला की सांग त्यांना, खरं ते सगळं सांग.

रुचिरा भिवाला तळ्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली आणि बराच वेळ बोलत होती. भिवा मान हलवत होता, मध्येच एकदा पंच्याने डोळे पुसत होता. तोवर आवडाबाई तांदूळ धुवायची बांबूची रोवळी घेऊन सगळ्यांत फिरल्या. वाडीचे, कंपनीचे, ऋत्विकचा, स्वतःचासुद्धा, सगळे मोबाइल रोवळीत गेले. मुंबईकरांनी यावेळी न ऐकताच हो म्हणायचं, असं त्यांनी आदल्या दिवशी कळवून टाकलं होतं.

गोदूबाई निघाल्या. “मावशी, थांबा की,” सागर म्हणाला, “आता तर सगळ्यांनाच कळणार.” त्यांनी मान हलवली आणि वड मागे टाकून, मोठा कातळ ओलांडून त्या थेट कड्यापर्यंत गेल्या. खाली समुद्र धुक्यात होता. त्यांनी कानांवर हात ठेवले. आज ते मासळीचे नव्हते.

भिवाचा आवाज वाऱ्यावर येत होता, पण शब्द कळत नव्हते. एक वाक्य झालं की तो थांबत असावा, कारण मग पन्नास माणसांचा एकदम आवाज व्हायचा, आणि तेवढा हातांतूनही आत यायचा. त्या आवाजात रुचिराचा त्यांना वेगळा ओळखू आला. तो मोकळा झाला होता.

गोदूबाईंनी तिसऱ्या वेळेला हात जरा सैल केले आणि सगळ्यांबरोबर म्हटलं, “व्हय म्हाराजा.” आपण कशाला हो म्हटलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मालिका चैत्रात सुरू होणार होती, आणि चैत्राला अजून दोन महिने होते.